ठशातली जागा

पंधरा जूनला सकाळी साडेसातला कराडच्या त्या नदीकाठच्या शाळेत जी रांग लागायची, ती प्रवेशाची नसायची. प्रवेश एप्रिलमध्येच उरकलेले असत. ही रांग ठशाची. कडक इस्त्रीचा नवा गणवेश, पोरापेक्षा मोठं दप्तर, निघताना ओवाळून कपाळावर टेकवलेलं कुंकू, आणि जिभेखाली नुकताच सोडलेला एक कडवट थेंब. थेंब पडल्यापासून अर्ध्या तासात फोटो व्हायला हवा, म्हणून आया घड्याळ बघत पुढच्याला ढकलायच्या आणि पुढचे मागे वळून डोळे वटारायचे.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला, पहिलीच्या वर्गात, उज्ज्वला तोडकर कॅमेरा आणि त्याच्यावर बसवलेला ठसादिवा घेऊन उभी असायची. बाजारपेठेत तिचा स्टुडिओ होता, वडिलांच्या वेळेपासूनचा. लग्नाचे फोटो आता जो तो स्वतःच काढायला लागला होता, ओळखपत्राचे फोटो चौकाच्या कोपऱ्यातलं यंत्र काढत होतं. ठशाचा फोटो मात्र तिच्याकडेच. चौदा वर्षं हा दिवस तिने एकदाही चुकवला नव्हता.

ठसा म्हणजे काय, हे तोवर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं, तरी सांगायला हवं. पाच-सहा वर्षांच्या आधीचं माणसाला फारसं आठवत नाही. मेंदूत खोलवर आठवणी जपणारा एक बोटाएवढा भाग असतो. लहानपणी तिथे नव्या पेशी भराभर जन्माला येतात, आणि नवी जोडणी होताना जुनी मोडते. रोज नव्याने सारवलेल्या अंगणात कालची रांगोळी राहायची कशी, तसंच हे. एका संशोधन संस्थेने असा थेंब तयार केला, की तो अंगात भिनल्यावर थोडा वेळ हे सारवण थांबतं. मग विशिष्ट ठेक्यात लुकलुकणारा दिवा डोळ्यांसमोर धरला, की पुढची अकरा सेकंदं मूल जे बघेल, ऐकेल, ज्याला हात लावेल, ते सगळं कायमचं बसतं. मरेपर्यंत ताजं राहतं. यालाच स्मृतिठसा म्हणायचं. मूल त्या वेळी आनंदात हवं, ही अट, कारण जो भाव असेल तोही बसतो. आणि ठसा आयुष्यात एकदाच. दुसरा दिला तर दोन्ही एकमेकांना पुसतात, हे उंदरांवर सिद्ध झालं होतं.

एकदाच द्यायचा तर कधी? लोकांनी फार विचार न करता ठरवून टाकलं, शाळेच्या पहिल्या दिवशी. फोटो तर त्या दिवशी सगळेच काढतात. मधोमध पोर, दोन बाजूंना आईवडील, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. भिंतीवर तो फोटो राहील आणि पोराच्या मनातही तोच राहील, असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

पोरांना हसवायचं काम उज्ज्वलाचं, आणि त्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिच्याकडे एकच युक्ती होती. पिवळ्या ओढणीचं टोक नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे, आता शिंक येणार, येणार, येणार असं करत मान मागे न्यायची आणि ती शिंक येऊच द्यायची नाही. रडून रडून लाल झालेलं पोरही खुदकन हसायचं. त्याच क्षणी ती बटण दाबायची आणि मनात अकरापर्यंत मोजायची.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा गेल्यावर तर घरात बोलायलाही कुणी नव्हतं. पण पंधरा जूनला संध्याकाळी ती घरी जायची ती तृप्त होऊन.

पहिला धक्का तिला भाजी मंडईत बसला. वीस वर्षांचा एक मुलगा समोर आला, वाकून पाया पडला आणि उभा राहिला तो रडतच. का रडतोय हे त्याला सांगता येईना. तो म्हणाला, तुम्हाला बघितलं की घरी आल्यासारखं वाटतं. बरोबरची त्याची आई पिशवी सावरत कसनुशी हसली. मग असं वरचेवर व्हायला लागलं. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर वाहतूक पोलिसाने गाडी अडवली आणि दंड करायचं सोडून नुसता बघत राहिला.

याचा उलगडा मार्चमध्ये झाला. डॉ. शर्वाणी केळुसकर नावाच्या बाई ठशाच्या पहिल्या तुकडीची पाहणी करायला कराडात आल्या होत्या. ठसा शोधणाऱ्यांपैकीच त्या एक. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्या तुकडीतल्या साठ मुलामुलींना ठशात काय दिसतं ते काढायला सांगितलं होतं. ते कागद त्यांनी स्टुडिओच्या काउंटरवर पसरले. कुणाला चित्र येत होतं, कुणाला नव्हतं, पण साठच्या साठ कागदांवर एकच बाई होती. मान मागे गेलेली, डोळे मिटलेले, नाकाशी पिवळा पदर नाहीतर ओढणी.

"आईबाप कुठायत?" उज्ज्वलाने विचारलं.

"शेजारी होते ना. शेजारी उभं राहिलेलं माणूस फोटोत येतं, पोराच्या नजरेत येत नाही. फोटो म्हणजे आपण पोराकडे बघितलेलं. आठवण म्हणजे पोराने बघितलेलं." बाईंनी कागद गोळा केले. "इतकी साधी गोष्ट, आम्हा इतक्या शिकलेल्या लोकांच्या डोक्यात आली नाही. कॅमेरा समोर ठेवतात म्हणून आम्हीही समोर ठेवला."

खोटं कशाला, उज्ज्वलाला आधी बरं वाटलं. चौदा वर्षांत दीड हजारावर पोरं झाली होती, आणि त्या सगळ्यांच्या मनात ती होती. मग तिला त्या मंडईतल्या बाईचं हसू आठवलं, आणि दुसऱ्याच्या घरातून काही उचलून आणल्यासारखी तिला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी अहवाल पाठवला. वर काय ठरायचं ते ठरेल, तोवर गावभर बोभाटा नको, असं त्या म्हणाल्या. उज्ज्वला गप्प राहिली. पण मे महिन्यात रेवती घोरपडे तिच्या दुकानाची पायरी चढली, आणि तिला गप्प राहता आलं नाही.

रेवती बत्तीस वर्षांची होती. डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली. बरोबर तिची थोरली बहीण हेमलता होती, शिवणक्लास चालवणारी, बिनलग्नाची. रेवतीने बसायच्या आधीच सांगून टाकलं. दुखणं यकृतापर्यंत गेलंय, डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. मुलगी कस्तुरी सहा वर्षांची, यंदा पहिलीत. पुढे तिचं सगळं हेमाताईच करणार, नवऱ्याची नोकरी विजेच्या तारांवरची, तो कधी या गावाला तर कधी त्या. रेवतीचं मागणं एवढंच होतं, की ठशाचा फोटो नीट यावा. बाकीचं सगळं कस्तुरी विसरणार, हे तिने वाचलं होतं. निदान त्या एका फोटोत तरी आई राहावी.

उज्ज्वलाने तिला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. शेजारी उभी राहिलीस तर तू तिच्या मनात नसशील, मी असेन.

रेवतीने पेला खाली ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो उज्ज्वलाने चौदा वर्षांत कुठल्या पोराच्या चेहऱ्यावरही बघितला नव्हता. म्हणजे मी समोर उभी राहायचं, ती म्हणाली. एवढंच ना? तिने लगेच आरशात बघून रुमाल सारखा केला. केसांचा टोप आणू का, ओठांना काही लावू का, की त्याने पोर बिचकेल, असं ती विचारायला लागली. जाताना ती दारात शिंकेची नक्कल करून बघत होती आणि हेमलता तिला हसत होती.

उज्ज्वलाला राहवेना. तिने त्याच संध्याकाळी डॉ. केळुसकरांना फोन केला. असं केलं तर चालेल ना, असं तिने विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते असं की मी उद्या येते, त्यांना बोलावून घ्या.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या मागच्या खोलीत चौघी बसल्या. डॉक्टरबाईंनी आडवळण घेतलं नाही. ठशात नुसता चेहरा बसत नाही, त्या म्हणाल्या, त्या चेहऱ्याबरोबर सुरक्षित वाटणंही बसतं. मंडईत पोरं उज्ज्वलाताईंना बघून रडतात ती त्यामुळे. मन त्या चेहऱ्याकडे परत परत जातं. माणूस हयात असेल, गावात असेल, तर काही बिघडत नाही. पण साठ जणांच्या चित्रांत एक चित्र जरा वेगळं होतं. त्यात उज्ज्वलाताईंच्या खांद्यामागे एक म्हातारा होता, फेटा बांधलेला. त्या मुलाचे आजोबा. नातवाचं कौतुक बघायला ते कॅमेऱ्यामागे येऊन उभे राहिले होते. मुलगा त्यांच्याकडे बघून हसला. पुढच्या वर्षी ते वारले.

"मग?" रेवतीने विचारलं.

"तो आता वीस वर्षांचा आहे. हुशार आहे, खातापिता आहे. पण लग्नकार्यात गेला की गर्दीतल्या प्रत्येक फेट्याकडे वळून बघतो. आजोबा गेलेत हे त्याला माहीत आहे. तरी बघतो. रात्री दार वाजलं की उठतो. त्याला कोणीही जवळचं वाटत नाही, आईसुद्धा नाही. आमच्याकडे यावर काही उपाय नाही."

"फोटो दाखवला तर?"

"फोटोने भूक वाढते फक्त."

मग बाईंनी उरलेलं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी हेमलताकडे बघितलं. ज्या माणसाने कस्तुरीला वाढवायचं, ते माणूस समोर उभं राहिलं, तर पोरीला त्या घरात कधी परकं वाटणार नाही. आईची आठवण मात्र राहणार नाही. बाकीच्या कच्च्या आठवणी जशा जातात तशी तीही जाईल.

हेमलता रडायलाच लागली. मला नको, ती म्हणाली, मी नाही उभी राहणार तिथे. तुझी जागा मी कशी घेऊ. रेवती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग तिने डॉक्टरबाईंना विचारलं, तुमची मुलगी असती तर तुम्ही कुठे उभ्या राहिला असतात?

बाई म्हणाल्या, "मला मुलगी आहे. तिच्या वेळी मी शेजारी उभी होते, इतरांसारखीच. मला विचारू नका."

पंधरा जून उजाडला. त्या दिवशी उज्ज्वलाने रेवतीसाठी सगळ्यात शेवटची वेळ ठेवली होती, म्हणजे मागे रांगेची घाई नको. रेवतीने अंजिरी रंगाचं नऊवारी लुगडं नेसलं होतं. टोप घातला नव्हता, रुमालच होता, पण त्यावर अबोलीचा गजरा माळला होता. ती फार सुंदर दिसत होती आणि फार आजारी दिसत होती. कस्तुरीच्या दोन वेण्या होत्या, समोरचा एक दात पडलेला. प्रवीण, तिचा नवरा, दाराशीच थांबला. तू ठरवशील ते, असं तो आदल्या रात्री म्हणाला होता, आणि आता तो कुणाकडेच बघत नव्हता.

कोण कुठे उभं राहणार, हे उज्ज्वलाला माहीत नव्हतं. तिने विचारलंही नाही. तिने दिवा लावला आणि स्वतः कॅमेऱ्याच्या एका अंगाला, पोरीच्या नजरेबाहेर, भिंतीला चिकटून उभी राहिली. समोरची जागा मोकळी होती.

रेवती त्या जागेपर्यंत गेली. तिथे क्षणभर उभी राहून तिने कस्तुरीकडे बघितलं, समोरून, डोळे भरून. मग ती वळली, हेमलताचा दंड धरून तिला तिथे आणून उभं केलं, आणि स्वतः जाऊन मुलीच्या शेजारी उभी राहिली. जसे सगळे आईबाप उभे राहतात तशी. तिने कस्तुरीचा हात हातात घेतला. उज्ज्वलाने तिला त्या वेळी मनातल्या मनात नमस्कार केला.

"ताई, शिंक," रेवती म्हणाली.

हेमलताने ओढणी नाकाशी नेली. डोळे तसेही पाण्याने भरलेले होते, ते तिने मिटून घेतले. मान मागे गेली, थांबली, आणखी मागे गेली. कस्तुरी खळखळून हसली आणि उज्ज्वलाने बटण दाबलं. दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन. कस्तुरी मावशीकडे बघून हसत होती. चार, पाच.

सहाव्या आकड्याला कस्तुरीने मान वर केली आणि आईकडे बघितलं. मुलं असं करतातच. काही गमतीचं दिसलं की आई हसतेय का ते बघतात, त्याशिवाय त्यांची गंमत पुरी होत नाही. आणि रेवतीने, फोटोच्या वेळी कुठलीही आई करते तेच केलं. फक्त तिच्या जिवाची घालमेल त्यात होती, म्हणून जरा घाईने केलं. तिने कस्तुरीची हनुवटी धरली आणि तोंड समोर वळवलं.

"माझ्याकडे नको बघूस, पुढे बघ."

सात, आठ. कस्तुरी पुढे बघत होती. हेमलता अजून शिंक अडवून उभी होती, पण कस्तुरीचं हसू थोडं ओसरलं होतं. नऊ, दहा, अकरा.

दिवा थांबल्यावर रेवती मटकन बेंचवर बसली. तिला धाप लागली होती. जमलं ना, तिने विचारलं. क्षणभरच बघितलं तिने माझ्याकडे, तेवढ्याने काही होत नाही ना? उज्ज्वलाला त्या वेळी नजरेचीच काळजी होती, कानांचा विचार तिच्या मनात आला नाही. जमलं, ती म्हणाली. छान झालं. रेवती हसली आणि तिने कस्तुरीला पोटाशी धरलं, पण तोवर अकरा सेकंदं संपून गेली होती.

कार्तिकात रेवती गेली.

पुढे ठशाची पद्धत बदलली. खरं काय ते बाहेर पडलं, आणि घराघरांत समोर कोण उभं राहणार यावरून भांडणं लागली. आजीने की आईने, कामावरून सुटी मिळालेल्या बापाने की रोज सांभाळणाऱ्या काकूने. दोन घरं तर कोर्टात गेली. मग ठसा बंदच झाला. पुन्हा साधे फोटो आले, आणि पोरं पुन्हा सगळं विसरायला लागली. उज्ज्वलाला त्यात सुटल्यासारखं वाटलं.

अकरा वर्षांनी एका दुपारी कस्तुरी दुकानात आली. कॉलेजच्या अर्जाला फोटो हवा होता, आणि कोपऱ्यातल्या यंत्रातला फोटो तिला आवडला नव्हता. उंच झाली होती, बोलायला मोकळी. बाहेर हेमलता स्कूटर लावत होती. कस्तुरी तिला आई म्हणत होती, आणि ती जरा नजरेआड झाली की दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होती, काळजीने नव्हे, सवयीने. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ते सगळं खरं झालं होतं. या पोरीला कुठेही परकं वाटलेलं नव्हतं.

उज्ज्वलाने कपाटातून तो जुना फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. त्यात कस्तुरी हसत होती, आणि अंजिरी नऊवारीतली रेवती समोर न बघता खाली, मुलीकडे बघत होती.

कस्तुरीने फोटो हातात घेतला. "हा घरी आहे आमच्या," ती म्हणाली. "काकू, तुम्ही होतात ना तेव्हा?"

उज्ज्वलाने तिला सगळं सांगितलं. मागच्या खोलीतली बैठक, ती मोकळी जागा, रेवती तिथे जाऊन कशी परत फिरली ते. तुझ्यासाठी तिने स्वतःला पुसून घेतलं गं, असं ती म्हणाली. कस्तुरीने शांतपणे ऐकून घेतलं. सभ्यपणे, मोठ्यांचं ऐकतात तसं.

"कळतं मला काकू. आईने, म्हणजे मावशीने, शंभरदा सांगितलंय. माझ्यासाठी हेच शहाणपणाचं होतं, हेही पटतं. पण कळलेलं वेगळं आणि आठवतं ते वेगळं. मला ती शिंकताना आठवते, आणि फार बरं वाटतं. मग मी वर बघते. चेहरा दिसत नाही, दिव्याने डोळे दिपलेले असतात. हनुवटीला गार बोटं लागतात आणि शेजारची ती म्हणते, माझ्याकडे नको बघूस. रोज म्हणते. काल म्हटल्यासारखं."

आपण त्या वेळी जमलं म्हणालो होतो, एवढंच उज्ज्वलाला आठवत राहिलं. मग तिने विचारलं, की रेवतीचे व्हिडिओ असतील ना घरात, त्यात कितीतरी गोड बोलली असेल, ते का नाही ऐकत?

"ऐकलेत," कस्तुरी म्हणाली. "त्यात ती सगळ्यांशी बोलते. हे एकच वाक्य ती माझ्याशी बोललीय."